मोहाच्या दिवसांतली प्रश्नावली

चंद्रपूरहून निघालेल्या एसटीने मूल गाव मागे टाकले आणि खिडकीतून एक वास आत शिरला. गोड, जड, किंचित आंबूस. गुळाचा पाक आणि ओले गवत कुणी एकाच भांड्यात मुरत ठेवावे, तसा. सांगली सोडून दीड दिवस झाला होता आणि अंगाला रेल्वेच्या डब्याचा लोखंडी वास चिकटलेला होता. या नव्या वासाने तो धुऊन काढला.

"मोहाचं फूल पडून राह्यलं जी," शेजारी बसलेले रामटेके गुरुजी म्हणाले. "आता पंधरा दिवस आमच्याकडं कोनी बिमार पडत नाई. फुरसतच नाई ना!"

गुरुजी निवृत्त शिक्षक. धानोऱ्याच्या वाटेवरच्या त्यांच्या गावात एक लहानसे महाविद्यालय आहे. माझी भाची केतकी तेथील विद्यार्थ्यांमधल्या नैराश्यावर संशोधन करते आणि गुरुजींच्याच घरी खोली घेऊन राहते. चंद्रपूरच्या दवाखान्यातून महिन्याच्या गोळ्या घेऊन ते परतत होते, म्हणून मला त्यांची सोबत मिळाली. त्यांना रक्ताचा कॅन्सर आहे, हे त्यांनी एखाद्याने आपल्याकडे गाय आहे असे सांगावे तितक्या सहजपणे सांगितले.

"आधीची दवाई म्हंजे पुऱ्या बांधीत (भातखाचरात) फवारा. तनबी मरे, धानबी मरे. डोक्यावर केस नाई राह्यला! हे नवी टार्गेटेड गोळी निंदन करते बाई. तन तेवढं उपटते."

"मग ती सगळ्यांनाच का देत नाहीत?"

"तसं नाई जमत. आधी तपासून पाहा लागते, तनाची जात कोनती. जात जुळली, तरच गोळी."

वैनगंगा आली. चैत्रातली नदी, दूरवर पसरलेली वाळू आणि तिच्यामधून चाललेली एक निळी, अंग चोरलेली धार. गडचिरोलीला गाडी बदलली आणि मग दोन्ही बाजूंनी रान सुरू झाले. सागाने पाने टाकून दिली होती. मधूनच एखादा कुसुम कोवळ्या लाल पालवीने असा पेटलेला दिसे, की डोळे क्षणभर तेथेच थांबत.

सायंकाळी कौसल्याबाईंनी, म्हणजे गुरुजींच्या पत्नींनी, लाखोळीच्या डाळीचे गरम वडे पुढे ठेवले आणि त्यावर सांबार (कोथिंबीर) भुरभुरली. "खा बाई, लाजू नका. तुमच्या भाचीनं तं चार दिवसांपासून नीट जेवनच सोडलं."

केतकी ओट्यावर कागदांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसली होती. तिचा चेहरा उतरला होता. तिने जे सांगितले ते असे: हिवाळ्यात तिने वर्गाकडून नैराश्य ओळखणारी एक प्रश्नावली भरून घेतली होती आणि बहुतेक मुले बरी निघाली होती. मग दोन महिने दर आठवड्याला मुलामुलींचा गप्पांचा गट चालवला. आता तीच प्रश्नावली पुन्हा भरून घेतली, तर जवळजवळ सगळा वर्ग आजारी निघाला.

"म्हणजे माझ्या गटाने बरी मुलं आजारी पाडली, मावशी," ती म्हणाली. "शनिवारी हे कागद मार्गदर्शकांकडे जातील आणि गट बंद होईल. त्याचंही मी सोसेन. पण या सगळ्यांत एखादं तरी खरोखर बुडणारं असेल ना? ते मला आता सापडणार कसं?"

मी प्रश्न वाचले. पहाटे नेहमीपेक्षा लवकर जाग येते का? दिवसभर थकवा वाटतो का? अभ्यासात लक्ष लागत नाही, असे होते का? जेवणाच्या वेळा बदलल्या आहेत का? बहुतेक कागदांवर 'होय'च्या खुणा रांगेने उभ्या होत्या. मला त्यातले काही कळले नाही. मी आयुष्यभर कवितेची वृत्ते आणि यती शिकवले. अशा कागदांचा ठोका मला ओळखू येत नाही.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना कौसल्याबाईंनी माझ्या हाती बांबूची टोपली दिली. "चला. मोह पाहा, मंग कविता लिवा."

रानात पाऊल टाकले आणि मी थबकले. झाडांवरून फुले पडत होती. टप्, टप्, कुठे एक, कुठे तीन, मेळ नसलेला आणि तरी अखंड. प्रत्येक झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली होती आणि तिच्यावर फिकट पिवळे, रसाने फुगलेले मणी पसरले होते. एक तोंडात टाकला. आधी गोडी, मग घशात एक रानटी झणका.

आणि झाडाझाडाखाली केतकीचा वर्गच्या वर्ग वाकलेला होता! पोरी एकमेकींना चिडवत होत्या. एका मुलाची टोपली कुणीतरी लपवली होती आणि तो "कोनी घेतली बे?" असे ओरडत फिरत होता.

"रोज इतक्या लवकर उठता?" मी एका मुलीला विचारले. तिचे नाव रोशनी.

"मोहाच्या दिवसात झोप कोनाले येते जी? उशीर केला तं गाई खाऊन टाकते."

"मग थकत असाल."

"थकतो ना! कंबर तुटते. कालेजात बसलो का डोळे लागते. सर म्हनते, तुमचं ध्यान कुठी हाय. आमचं ध्यान मोहात हाय, सर!" सगळ्या खिदळल्या.

मी टोपलीसह तशीच उभी राहिले. लवकर जाग. थकवा. लक्ष नाही. काल सायंकाळी वाचलेले प्रश्न एकेक करून माझ्यासमोर उत्तरे देत होते, आणि हसत होते.

त्या भरात मी एक चूक केली. शेजारच्या झाडाखाली फुलांचा दाट थर होता, तो वेचू लागले. कौसल्याबाईंनी माझा हात धरला.

"राहू द्या बाई! ते आपलं झाड नाई."

तेव्हा कळले, की रानातल्या प्रत्येक मोहाला घर ठरलेले असते. सातबारा नाही, कुंपण नाही. पण दुसऱ्याच्या झाडाखालचे फूल कुणी उचलत नाही. मी ओशाळून मूठ सोडली. वरची फुले ताजी होती. खालची तपकिरी, चेंबलेली, माश्यांनी घेरलेली.

"कोणाचे आहे हे?"

"वनिताचं," रोशनी म्हणाली. तिचे हसू मावळले. "आमच्याच वर्गात हाय. चार दिवस झाले, आली नाई. बोलावाले गेलो तं म्हने, तुमी जा."

घरी येऊन मी केतकीला सगळे सांगितले. ती कपाळावर हात मारून इतकी हसली, की गुरुजी दाढीचा साबण तोंडावर तसाच ठेवून बाहेर आले.

"फवारा मारला तुमी पोरी, फवारा!" ऐकून झाल्यावर ते म्हणाले. "पुरी बांधी बिमार दाखवली. आमाले तरी विचारा लागत होतं, कोनत्या हंगामात काय विचारावं."

केतकीचे हसू मात्र अर्ध्यावर थांबले. "मावशी, ती चार दिवस आली नाही म्हणालात?" आणि ती चप्पल पायात सरकवू लागली.

वनिताचे घर मातीचे, नुकतेच पांढऱ्या मातीने पोतारलेले. (वनिता हे तिचे खरे नाव नव्हे. तुझ्याबद्दल लिहू का, असे मी नंतर विचारले तेव्हा ती म्हणाली, "लिवा जी, पन नाव चांगलं ठेवा.") ती आत खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"आळशी झाली पोट्टी," तिची आई दारातूनच सांगू लागली. "दिवाळीपासून असंच हाय. समजवून थकलो आमी."

केतकी खाटेशेजारी जमिनीवर बसली. बाहेर कोंबड्या माती उकरीत राहिल्या. मग वनिताच आपण होऊन म्हणाली, "मॅडम, मी तुमच्या कागदावर सगळ्याले 'नाई' लिवलं."

"का ग?"

"लवकर संपते. 'होय' लिवलं तं तुमी अजून विचारान." तिने चादर खांद्यावर ओढली. "सकाळी जाग येते. मोह पडते, ते ऐकू येते. पन उठावंसं वाटत नाई. काहीच वाटत नाई."

ज्या कागदाने साऱ्या वर्गात हिलाच सर्वांत निरोगी ठरवले होते, तो केतकीच्या खोलीत नीट घडी घालून ठेवलेला होता.

गडचिरोलीच्या डॉक्टरांना दाखवू या, असे केतकी म्हणताच आई उसळली. "पागल हाय का माही पोरगी?"

आमच्या मागोमाग आलेले गुरुजी पुढे झाले. "मी का पागल हाव? रोज गोळी खातो ना मी! माह्या रक्तात तन उगवलं, हिच्या मनात उगवलं. त्याच्यात हिचा का दोष?"

आई दार सोडून आत आली. मग म्हणाली, "तं तुमचीच गोळी द्या ना हिले. गडचिरोली काऊन?"

"अवो, नाई जमत! जात पाहा लागते आधी!" गुरुजी असे काही घाबरून ओरडले, की आम्ही सगळेच हसलो. भिंतीकडे वळलेल्या त्या पाठीलाही एक हलकासा झटका बसल्याचे मी पाहिले.

"कोन्या गाडीनं जाचं?" आईने विचारले.

शनिवारी सकाळी माझ्या परतीच्या गाडीत आम्ही चौघी चढलो: केतकी, वनिता, तिची आई आणि मी. केतकीच्या पिशवीत मार्गदर्शकांसाठी लिहिलेले पत्र होते. आपल्या चुकीची कबुली देऊन तिने गटासाठी आणखी मुदत मागितली होती. गाडी सुटायच्या बेतात असताना रोशनी आणि दोघी मैत्रिणी धावत आल्या.

"वनिते! तुह्या झाडाखालचा मोह सडून राह्यला. येचू का आमी?"

वनिता खिडकीतून बाहेर पाहत होती. कंडक्टरने घंटी दिली, गाडी हलली.

"येचा," ती म्हणाली. आवाज बारीक होता, पण तिने मान बाहेर काढली आणि पुन्हा, जोराने म्हणाली, "पन अर्धा माहा ठेवजा!"

आईने पदराचे टोक तोंडाला लावले. पाच महिन्यांत पोरीने काही मागितले नव्हते, असे ती पुढे मला म्हणाली.

गडचिरोलीच्या स्थानकावर त्या तिघी उतरल्या आणि मी एकटी पुढे निघाले. परतीच्या वाटेवर वास तोच होता. तो मला या वेळी एखाद्या कामाचा, घामाचा वाटला.

आता सांगलीत बसून हे लिहिताना केतकीचा फोन येऊन गेला आहे. वनिता औषध घेते. काही दिवस बरे जातात, काही नाही. मार्गदर्शक थोडे रागावले, पण गट चालू आहे. नवी प्रश्नावली तिने मुलांनाच तयार करायला सांगितली आणि त्यांनी पहिला प्रश्न असा लिहिला: 'तुमच्या ओळखीचं कोन हल्ली दिसून नाई राह्यलं?'

मी तो प्रश्न वहीत उतरवून घेतला. माझ्या कवितेच्या वर्गात खिडकीजवळ बसणारी एक मुलगी दिवाळीनंतर आली नव्हती. तिने वर्ग सोडला असेल, असे मी ठरवून टाकले होते. हजेरीपटावर तिचा पत्ता आहे. वही मिटून मी चप्पल घातली.