शेवटच्या गाडीचा रोल

आमचे हे सिमेंटच्या कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. खाणीतून चुनखडी भरून आलेली एकेक वाघीण, म्हणजे मालडबा, काट्यावर उभी राहिली की वजन लिहायचं आणि पुढे सोडायची, एवढंच काम. पण जीव अडकलेला तो वाघिणी ओढणाऱ्या वाफेच्या इंजिनात. जेवणाच्या सुट्टीत डबा तसाच ठेवून, कॅमेरा गळ्यात अडकवून हे रुळांकडे पसार! एकोणीस वर्षं हेच. न्हाणीघराच्या खिडकीला काळा कागद, बादलीशेजारी औषधांच्या बाटल्या, कपड्यांच्या दोरीवर ओल्या फिल्म. आंघोळीला जायचं तर आधी परवानगी काढायची. मी कमी का डोकंफोड केली? पण ऐकतील तर शपथ.

बरं, फोटोत माणूस अजिबात नको. "बाजूला व्हा, बाजूला व्हा" करत ड्रायव्हर, फायरमन, सांधेवाले, सगळ्यांना हाकलायचे. कारखान्यात नावच पडलं होतं ह्यांचं, 'बाजूला'. एकदा मी विचारलं, "त्या बिचाऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय हो?" तर म्हणाले, "माणसं कुठेही दिसतात. हे इंजिन उद्या दिसायचं नाही."

आणि झालंही तसंच. कारखाना बंद करायचं ठरलं. इंजिन, रूळ, सगळं भंगारात जाणार होतं. ह्यांनी इंजिनाचे हजारभर फोटो काढले होते, पण एक राहून गेला होता: भरलेली गाडी खाणीचा चढ चढून वर येताना, समोरून. ती गाडी यायची तेव्हा हे नेमके काट्यावर. शेवटच्या गाडीच्या दिवशी ह्यांनी रजा मागितली. मिळाली नाही. "मग बिनपगारी धरा," म्हणाले आणि मोकळे झाले.

त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडलं होतं, म्हणून मीही गेले. हे तीन तास उन्हात चढाच्या टोकाशी गुडघा टेकून बसलेले. शेवटी गाडी आली. काळा धूर, रुळांवर घसरणारी चाकं, मागे चौदा भरलेल्या वाघिणी. खोटं कशाला बोलू, माझ्याही अंगावर काटा आला. हे खटाखट बटण दाबत होते. गाडी पुढे गेली, वाघिणी रिकाम्या झाल्या, इंजिन शेडकडे वळलं, तरी ह्यांचं चालूच.

मग एकदम थांबले. कॅमेऱ्यावरचा आकडा बघितला आणि तोंड पांढरं पडलं.

"चाळीस," म्हणाले.

"मग?"

"रोल छत्तिसाचा असतो."

कॅमेरा उघडला. फिल्मचं टोक चक्रीत अडकलंच नव्हतं. फिल्म जागची हलली नव्हती, एकही फोटो आला नव्हता. सकाळी रोल भरताना मीच "आटपा लवकर" म्हणून मागे लागले होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण ह्यांनी मला एका शब्दानंही बोल लावला नाही. तीच फिल्म पुन्हा नीट बसवली, दोनदा तपासली आणि ताडताड शेडकडे निघाले.

ड्रायव्हर इंजिनातली आग काढायच्या तयारीत होता. ह्यांनी सगळं सांगितलं. "परत एकदा चढवा."

"काटेवाले, वाघिणी रिकाम्या झाल्या. चढायला वाफही नाही राहिली."

"मग नुसतं इंजिन बाहेर आणा. मी मोकळ्या हातानं घरी जाणार नाही."

सुपरवायझर नाही म्हणाला. हे त्याच्या दारात उभेच राहिले. तो वैतागून शेवटी म्हणाला, "दहा मिनिटं. पुढे एक नाही."

इंजिन धापा टाकत शेडबाहेर आलं. ह्यांनी कॅमेरा उचलला आणि सवयीनं तोंड उघडणार, तेवढ्यात ड्रायव्हर म्हणाला, "आज कोणी बाजूला होणार नाही. आधी आमचा फोटो. आणि तुम्हीही आमच्यात या."

"मग काढणार कोण?"

"वहिनी आहेत की."

मी! त्या सवतीला मी कधी हात लावला नव्हता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, कॅमेऱ्याकडे बघितलं, मग कॅमेरा माझ्या गळ्यात घातला. "इथून बघ. हे दाब. हलू नकोस."

बेचाळीस माणसं इंजिनावर चढली, लोंबकळली, रुळांवर बसली. हे पायरीवर, फायरमनच्या खांद्याला खांदा लावून. मी बटण दाबलं. लगेच सुपरवायझरनं शिट्टी मारली आणि दहा मिनिटं संपली.

दुसऱ्या दिवशी ह्यांनी रोल धुतला. न्हाणीघरात लाल दिव्याखाली कागदावर चित्र उमटत गेलं, मीही बघत होते. धुराडं गायब. इंजिनाचा नंबर अर्धा. सगळं वाकडं. माणसं मात्र एकूण एक आली होती, फायरमनची दाढी, ड्रायव्हरचा तुटका दात, सगळं. मी भांडायच्या तयारीनं पदर खोचला.

हे कागदावर वाकले. मग एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत नावं घेत गेले.

"एकोणीस वर्षं ह्यांना मी हाकलत होतो," म्हणाले. "कागद किती उरलाय बघ. त्रेचाळीस प्रती काढायच्यात."