बर्फावर गुडघा, गुडघ्यावर तेल

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण शेवटी तुम्हाला हसू येईल याची मला काही खात्री नाही. तर ऐका. मी, कतारमध्ये राहणारा माणूस, बर्फावर पडलो!

हो हो, दोह्यातच! इथे मॉलमध्ये बर्फाची रिंक असते. बाहेर वाळवंट, आत लोक पायाला पाती बांधून घसरतात. आणि माझी नोकरी काय? गॅस प्लांटमध्ये सेफ्टी ऑफिसर! बावीस वर्षं मी लोकांना एकच सांगत आलोय, कठडा सोडू नका, पायाखाली बघा.

मग तडमडायला गेलो कशाला? सांगतो. आई जाऊन दहा महिने झाले होते. दर शुक्रवारी मी ओल्ड एअरपोर्ट भागातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर भिंतीकडे बघत बसायचो. टीव्ही नको, फिरणं नको. शेवटी ईराने, म्हणजे माझ्या चौदा वर्षांच्या लेकीने, हाताला धरून उठवलं. "बाबा, यू नेव्हर कम एनीव्हेअर. यल्ला, चला ना!"

कठडा धरून अर्धा तास मी व्यवस्थित होतो. पाच वर्षांची एक पोरगी प्लास्टिकचा पेंग्विन ढकलत मला तीनदा मागे टाकून गेली. गेली तर गेली! मग ईराने मोबाइल काढला. "बाबा, वेव्ह! आत्याला पाठवते."

आत्या म्हणजे नाशिकची माझी थोरली ताई. आई गेल्यापासून फोनवर दोघंही जपून बोलतो, कोण आधी रडेल याचा नेम नाही म्हणून. म्हटलं, बघू दे तिला, भाऊ बरा आहे. सोडला की हो मी कठडा! एका हाताने नाही, दोन्ही हातांनी टाटा केला! व्हिडिओत त्यापुढे मी नाहीच, नुसता बर्फ दिसतो.

डावा गुडघा असा पिरगळला की तोंडातून आवाजसुद्धा फुटेना. तिथला माणूस धावत बर्फाची पिशवी घेऊन आला. मी ती ढकलून दिली. अहो, बर्फानेच पाडलं आणि वर बर्फच लावताय?

"बाबा, पुट द आइस! स्कूलमध्ये कोच तेच करतो," ईरा रडवेली होऊन म्हणाली.

"आमच्याकडे चोळतात," मी ठणकावलं.

आमच्याकडे म्हणजे आईकडे. गल्लीत कुणाचा पाय मुरगळला, कंबर धरली, की आईच्या ओट्यावर हजर. ती तिळाच्या तेलात ओवा, लसूण आणि आणखी काय काय घालून मंद आचेवर कढवायची. काय काय, ते ना मी विचारलं, ना ताईने. आई होती ना, विचारायचं कशाला? गेल्या खेपेला तिने मला खोकल्याच्या औषधाच्या जुन्या बाटलीत ते भरून दिलं होतं. "संपलं की सांग, दुसरं करते," म्हणाली होती.

आता जगात तेवढंच उरलं होतं. अर्धी बाटली. ताईची तर केव्हाच संपली होती. वर्षश्राद्धाला येताना थोडं आण, एवढंच तिने मागितलं होतं. "लावायला नको रे मला. नुसता वास घ्यायचाय," म्हणाली होती.

म्हणून मी बायकोला, मंजिरीला, बजावलं, दोनच थेंब! तिने दोन थेंब गरम करून चोळलं. सकाळी सूज दुप्पट. म्हणजे तेल कमी पडलं, नाही का? मग चमचाभर. संध्याकाळी पँट चढेना. तेवढ्यात वरच्या मजल्यावरचे जाधवराव आले. लातूरचे, तरुणपणी तालमीत गेलेले.

"काय वहिनी, मांजर कुरवाळल्यावानी करायलाव? सरका बगू!"

आणि त्यांनी बाटली माझ्या गुडघ्यावर उलटी केली!

"जाधवराव, पुरे! पुरे!" मी किंचाळलो.

"पुरे कसं? कळ सोसा की जरा, साहेब!"

"अहो, संपेल ते!"

"संपंल की! दुखणं संपल्याबिगर सोडतोय व्हय?"

मी तेलासाठी ओरडतोय आणि त्यांना वाटतंय गुडघ्यासाठी. जितका ओरडलो तितके ते जोर लावत गेले. जाताना बाटली पालथी घालून शेवटचा थेंबही त्यांनी मायेने माझ्याच पायाला पुसला. बिचाऱ्यांना काय बोलणार? चहा पाजला आणि पाठवलं.

तिसऱ्या दिवशी गुडघ्याचा भोपळा झाला तेव्हा दवाखाना गाठला. हाड शाबूत होतं, आतला लिगामेंट ताणला गेला होता. तिथली फिजिओथेरपिस्ट ब्रिजेट, वसईची. वास घेऊनच तिने कपाळाला हात लावला.

"काका, चोळलं ना? कुणी?"

"सगळ्यांनी."

"बर्फावर पडलेली माणसं येतात माझ्याकडे. कुणी हात टेकवून मनगट मोडतं, कुणाचं माकडहाड, कुणाचा गुडघा. पण ताज्या दुखापतीला गरम तेल? आत आधीच रक्त साकळलेलं, तुम्ही सूज वाढवलीत. पहिले दोन-तीन दिवस बर्फ, पट्टी, पाय उशीवर. चोळायचं नाही. हात लावायची वेळ नंतर येते."

रात्री ब्रिजेटचं बोलणं ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "अरे, आई तरी कुठे लगेच चोळायची? तीन दिवस नुसतं ओलं फडकं बांधून ठेवायची. तू खेळायला पळायचास आणि तेलाच्या वेळेला उगवायचास. तुला तेवढंच आठवतंय."

चाळीस वर्षं आईचं लेकरू म्हणून मिरवलो आणि अर्धंच शिकलो!

"तेल आहे ना पण?" तिने विचारलं.

"आहे. बाटली आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं, पण खरंही नव्हतं.

पाच आठवड्यांनी सूज उतरली. ब्रिजेट आता हाताने उपचार करायची. दोन्ही अंगठ्यांनी गुडघ्याची वाटी हळूच इकडून तिकडे सरकवायची, घोटा धरून पाय इंचाइंचाने वाकवायची. हात मऊ, पण पक्का. एक दिवस म्हणाली, "काका, आता तेल चालेल हां. उलट बरंच. ते घरचं होतं ना, आईंचं? घेऊन या पुढच्या वेळी."

"संपलं ते."

"मग आईंना सांगा ना, पाठवतील कुणाबरोबर तरी."

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. पन्नाशीचा माणूस, पडद्यापलीकडे तीन पेशंट! तिने झटकन हात काढला. "दुखलं का काका?"

"हो," मी म्हणालो. "फार दुखतंय."

वर्षश्राद्धाला निघायच्या आदल्या दिवशी मी ती रिकामी बाटली काढली. तेल नाही तर नाही, आईच्या हातची बाटली तरी ताईला देऊ. पण चिकट होती ना! बॅगेत ताईची साडी, ईराने आत्याला घेतलेला परफ्यूम. सेफ्टी ऑफिसर आहे मी, असा धोका पत्करतो होय? गरम पाणी, साबण, आतून ब्रश. तीनदा विसळली. टिश्यूत गुंडाळली, वर दोन प्लास्टिकच्या पिशव्या.

नाशिकला लंगडत पोचलो. सगळं खरं सांगितलं. ताई रागावली नाही. "असू दे रे. इकडे आण," म्हणाली. पिशव्या सोडल्या, झाकण उघडलं आणि डोळे मिटून बाटली नाकाशी धरली. पुन्हा एकदा हुंगली. मग डोळे उघडून तिने माझ्याकडे पाहिलं.

"धुतलीस होय रे?"

मी मान हलवली. बॅगेत मात्र एक थेंबसुद्धा सांडला नव्हता.