लुटीची कबुली देणारा किराणावाला

मांजरसुंब्याच्या फाट्यावरची ती घटना आजही लख्ख आठवते.

नव्वदीची सुरुवात होती. गावोगाव एस.टी.डी. बूथ उघडत होते, परदेशी कंपन्यांच्या नावानं जो तो हवेत होता. मी फौजदार होतो त्या ठाण्याच्या हद्दीत मात्र मालट्रक लुटणाऱ्या टोळीनं उच्छाद मांडला होता. वरून रोज विचारणा, खालून लोकांच्या शिव्या. अशात फाट्यावरच्या एका ढाबेवाल्याचा फोन आला, "साहेब, लवकर या! सफारी सुटातला एक माणूस ट्रक अडवून चाव्या काढून घ्यायलाय. ड्रायव्हर लोक तुडवत्यात आता ह्याला!"

जीप सुसाट सोडली. रस्त्यात ट्रक आडवेतिडवे, मधोमध चाळिशीचा एक गृहस्थ. कपाळाला विभूती, हातात चाव्या. मला पाहताच ओरडला, "या साहेब! तुमाला आमच्या कंपनीत मोठ्या पगारावर घेतलंय!" गर्दीतून ओढून त्याला जीपमध्ये कोंबला, नाहीतर तिथंच खलास झाला असता.

ठाण्यात डायरीला नोंद केली आणि चौकशीला बसलो. गेल्या महिन्यातली लूट कुणी केली?

"मीच."

"त्याआधीची?"

"तीबी मीच. ह्यो सगळा हायवेच माझा हाय, साहेब!"

अहो, मी खुर्चीतून उडालोच! टोळीचा म्होरक्या, आणि न मारता कबुली! वरिष्ठांना फोन केला. तेही खूश. "उद्या कोर्टात उभा करा आणि कोठडी मागा," म्हणाले.

तेव्हा ठाण्याची एक रीतच होती. संशयिताला झोपू द्यायचं नाही, माणसं बदलून प्रश्न विचारत राहायचं. भलेभले पहाटेपर्यंत पाया पडायचे. इथं सकाळी हवालदारच लाल डोळ्यांनी माझ्यापुढं आला. "साहेब, आमी तिघं आळीपाळीनं बसलो, तरी गळालो. ह्याचा डोळा लागला न्हाई. वर आमालाच म्हणतो, चहा मारा बे, ताजे व्हा!"

माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. मी एक लूट मनानंच रचली. "शिरूर कासारच्या रस्त्यावर ऊसतोड्यांचा ट्रक पळवला, तोही तूच?"

"मग! दुसऱ्या कुणाची हिंमत हाय का?"

तसा ट्रक कधी गेलाच नव्हता.

दुपारच्या आत त्याची बायको शोधत आली. चौसाळ्याचं कुटुंब, किराणा दुकान. बाई सांगू लागली, "साहेब, आमचे मालक गिऱ्हाइकाशीबी दोन शब्द बोलत न्हाईत. आठ दिस झाले, झोप न्हाई, तोंड बंद न्हाई. दुकानातला माल येईल त्याला वाटला. अडवलं की अंगावर येत्यात."

"याआधी असं झालं होतं?"

"न्हाई. गेल्या साली उलटं झालतं. लई दिस भिंतीकडं तोंड करून पडून होते. तवा डाक्टरकडं नेलतं."

"मग या वेळी का नेलं नाही?"

बाईनं पदर तोंडाला लावला. "आता हसायला लागले म्हणून आमी नवस फेडला, साहेब. गावजेवण घातलं."

एवढी गावभर पंगत उठली, आणि एकालाही माणूस आजारी दिसला नाही! वरिष्ठांना पुन्हा फोन लावला. "हातातली केस घालवताय," म्हणून ते भडकले. मी म्हटलं, भडका, पण या माणसाला मी तुरुंगात सडू देणार नाही. न्यायदंडाधिकाऱ्यांना सगळं सांगितलं, त्यांच्या आदेशानं जिल्हा रुग्णालयात नेलं. डॉक्टरांनी निदान केलं, उन्माद. त्यालाच मॅनिया म्हणतात. खरी टोळी आम्ही पुढं पकडली, ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून माझ्यापुढं कुणी भरधाव बोलणारा, बढाया मारणारा आला, की मी आधी घरच्यांना विचारायचो, याचा मूळ स्वभाव कसा? झोपतो का? न झोपता माणूस ताजातवाना राहिला, एकाएकी वारेमाप उधळायला लागला, तर त्याला डॉक्टरांना दाखवा. दरडावून किंवा दृष्ट काढून ते उतरत नाही. रडणाऱ्याची चौकशी सगळे करतात, हसणाऱ्याला मात्र लोक टाळ्या देतात.

काही महिन्यांनी तो बायकोबरोबर ठाण्यात आला. खाली मान घालून बसला. मग हात जोडून हळूच म्हणाला, "बरं झालं साहेब, तुमी माझ्यावर विश्वास ठेवला न्हाई."