महादेवने गोड सोडलं

महादेवला गोडाची चटक लागेल असं पूर्वी कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. दिवेआगरात आमच्या वाड्या एकमेकींना लागून. तो आणि मी एका वर्गात होतो. पुढे मी त्याच शाळेत मास्तरीण झाले आणि तो बापाच्या वाडीत उतरला. त्यामुळे मी त्याला अरे-तुरे करते आणि त्याची बायको अंबिका गावच्या नात्याने मला वन्सं म्हणते. तर हा महादेव तिखटाचा माणूस. श्राद्धाच्या पंगतीत खिरीची वाटी बाजूला सारून आमटी परत मागणारा. तोंडात कायम सुपारीचं खांड आणि हातात अडकित्ता. सुपारीही स्वतःच्या वाडीतली, रोठा जातीची, पांढरी मऊसर. दुसऱ्या कुणाची सुपारी त्याने कधी तोंडात घातली असेल असं मला वाटत नाही.

बोलायला तर असा, की मागे लागला म्हणजे सुटका नाही. घरात त्यांनी पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढल्या होत्या. मुंबई-पुण्याची माणसं येत. बिचारी टॉवेल खांद्यावर टाकून समुद्रावर निघालेली असत, आणि हा त्यांना पोफळीखाली उभं करून सुपारी कशी उतरवतात, कशी सोलतात, दुसरीकडची सुपारी कशी भिकार असते, ते ऐकवत राही. भरती येऊन ओसरायची, तरी याचं संपत नसे. अंबिका आतून हाका मारायची की अहो, सोडा त्यांना. मला त्याच्या बढायांचा वैताग यायचा, आणि आता त्याच ऐकाव्याशा वाटतात.

मग ते जूनमधलं वादळ आलं. एका दुपारीत त्याची वाडी आडवी झाली. माझीही झाली, सगळ्या गावाची झाली. कुणी रडलं, कुणी सरकारला शिव्या दिल्या, कुणी पंचनाम्यावरून भावाशी भांडलं, आणि मग सगळ्यांनी नवी रोपं लावली. महादेवनेही लावली. भागोजी म्हणून त्यांच्या वाडीत वर्षानुवर्षं काम करणारा गडी आहे, त्याच्या बरोबरीने त्याने ओंडके ओढले, खड्डे काढले, रोपांना पाण्याचं शिपणं केलं. पण तो रडला नाही, भांडलाही नाही. त्याचं बोलणंच कमी झालं. आणि त्याने सुपारी सोडली. वाडीवाल्याने दुकानातून सुपारी आणून खायची म्हणजे काय, असं त्याचं म्हणणं. तो तोरा मला अगदी ओळखीचा होता, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही.

सुपारी गेली आणि त्या जागी गूळ आला. पाहुण्यांसाठी अंबिका उकडीचे मोदक करते, तेव्हा तिच्या स्वयंपाकघरात गुळाची ढेप कायमची. दुपारी ती जरा आडवी झाली की हा मागच्या पडवीत ढेप घेऊन बसायचा आणि अडकित्त्याने तिचे खडे पाडायचा. ज्या अडकित्त्याला त्याने कधी सुपारीशिवाय काही लावू दिलं नव्हतं, तो आता चिकट होऊन मुंग्यांनी भरलेला असायचा. आधी खडा, मग मूठ, मग साखरेचा डबा, मग मोदकांचं सारणसुद्धा. पाहुण्यांच्या पानात मोदक पोचायचे ते निम्मे पोकळ. अंबिका कपाळावर हात मारायची आणि आम्ही हसायचो. म्हातारपणी तोंड सुटलंय, दुसरं काय.

एकदा मी कुंपणापाशी उभी राहून त्याला चांगलं टोकलं, की काय रे मेल्या, मुंगी झालास काय? तो हसला नाही.

"खाल्लं की जरा वेळ बरं वाटतं गो, सुचे," तो म्हणाला. "मग परत जातं."

काय जातं म्हणून मी विचारलं. त्याने वाडीकडे पाहिलं. गुडघाभर रोपं होती आणि वर नुसतं आभाळ. काही नाही म्हणाला आणि पुढचा खडा तोंडात टाकला.

पुढे व्हायचं ते झालं. पाय चुरचुरतात म्हणून श्रीवर्धनला दाखवलं तर रक्तातली साखर भलतीच वाढलेली निघाली. डॉक्टरांनी गोड बंद सांगितलं. त्यांचा मुलगा अजेय वाशीला एका कंपनीत आहे, त्याने साखर मोजायचं यंत्र धाडलं आणि रोज संध्याकाळी फोनवरून तपासणी सुरू केली. वाशीहून बाप सांभाळणं सोपं असतं. इथे अंबिकेने ढेप कपाटात ठेवून कुलूप घातलं आणि चावी कमरेला लावली. तरी याला मिळायचंच कुठून तरी. एका पाहुण्याच्या खोलीत पेढ्यांचा पुडा होता, त्यातले अर्धे याने संपवले. तो पाहुणा भला होता, हसण्यावारी नेलं. पण अंबिकेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ज्या घरात आल्यागेल्याच्या हातावर आपण गूळ-पाणी ठेवायचं, तिथे घरच्या कर्त्याने पाहुण्याचं चोरून खावं, हे तिला सोसेना.

माघी चतुर्थी जवळ आली होती. आमच्याकडे माणूस कुणाचं ऐकत नसला तर त्याला देवापुढे बसवतात. अंबिकेने त्याला घरच्या गणपतीपुढे बसवलं, हातावर पाणी घातलं आणि पुढच्या माघीपर्यंत गोड सोडायला लावलं. आणि बाई अशी, की त्याच्या जोडीने स्वतःही सोडलं. तिला चहा गोडमिट्ट लागायचा, मला ठाऊक आहे. ती कोरा कडू चहा प्यायला लागली आणि दुसऱ्यांसाठी मोदक वळत राहिली.

सुरुवातीला महादेव फार तडफडला. भागोजीवर ओरडायचा, ताट ढकलायचा, कपाटाच्या भोवती घुटमळायचा. मग हळूहळू निवला. पावसाळा संपेपर्यंत असा शांत झाला की विचारू नका. गुळाकडे बघेना. चावी समोर पडलेली असली तरी उचलेना. एक दिवस अंबिकेने कुलूपच काढून टाकलं. अडकित्ता धुऊन पुसून खुंटीला लावला. रक्त तपासलं तर साखर खाली आलेली. श्रीवर्धनचे डॉक्टर इतके खूश झाले की बाहेर बसलेल्या रोग्यांना त्यांनी महादेव दाखवला, की बघा, मनाचा निग्रह याला म्हणतात. अजेयने म्हणे ऑफिसात बापाचं उदाहरण दिलं. गावात जो तो महादेवच्या शब्दाचं कौतुक करायला लागला आणि अंबिकेने देवळात पेढे वाटले. स्वतः अर्थात एकही खाल्ला नाही.

त्या दिवसांत भागोजी एकदा माझ्याकडे नारळ टाकायला आला होता. जाता जाता म्हणाला, "भाऊ वाडीत येत न्हाय आता, बाय. माज्यावर वरडत बी न्हाय." मी ते अंबिकेच्या कानावर घातलं. ती म्हणाली, वन्सं, तापट माणूस निवला तर बरंच ना, दृष्ट नका लावू. तिचं तरी काय चुकलं? नवरा वेळेवर जेवतो, मागत नाही, भांडत नाही, देवाला दिलेला शब्द पाळतो. आमच्या गावात याला बरं होणंच म्हणतात. तो खुर्चीत बसून असायचा, पाहुणे आले-गेले तरी मान वर करायचा नाही, दाढी वाढलेली. ते सगळं आम्ही निग्रहाच्या खात्यात टाकलं.

वर्ष पुरं झालं. माघी चतुर्थीला नेमाचं पारणं होतं. अंबिका सकाळपासून सोवळ्यात. वादळातून वाचलेल्या दोन माडांचा नारळ, तिच्या हातची पांढरीशुभ्र उकड, कळ्या अशा की मोजाव्यात. अजेय मुद्दाम रजा काढून आला होता. मला पानाला बोलावणं होतंच. गणपतीला नैवेद्य दाखवून तिने पहिला मोदक महादेवच्या पानात वाढला, वर तुपाची धार धरली आणि दुसरा स्वतःच्या ताटलीत घेऊन त्याच्यासमोर पाटावर बसली. त्याने खाल्ल्यावर ती खाणार होती. तिचा चेहरा एखाद्या नव्या नवरीचा असावा तसा फुललेला.

महादेवने मोदक फोडला, तोंडात घातला, चावला, गिळला. गोळी घ्यावी तसा. कसा झालाय, असं अंबिकेने विचारलं. चांगला, म्हणाला. तिला काही ते पटलं नाही. गूळ कमी पडला का, वेलची जास्त झाली का, असं ती विचारत राहिली, आणि शेवटी त्याने हात पानात ठेवला.

"मला कळत नाही गं," तो म्हणाला. "गोड लागतच नाही काही. नेम वगैरे पाळला नाही मी. मला नकोच झालं होतं."

अजेय काहीतरी विनोद करायला गेला आणि त्याने पाण्याचं भांडं तोंडाला लावलं. अंबिकेने ताटली खाली ठेवली. तो मोदक संध्याकाळी गाईला गेला.

म्हसळ्याला महिन्यातून एकदा मनाच्या आजाराचे डॉक्टर बसतात, तिथे त्याला न्यायचं मीच ठरवलं. अजेयला वाटत होतं की जिभेची तपासणी करावी. डॉक्टर तरुण होते, पण घाईतले नव्हते. त्यांनी महादेवला आधी गोडाबद्दल नाही, वाडीबद्दल विचारलं. झोपेबद्दल विचारलं. मग तो बाहेर जाऊन बसल्यावर त्यांनी आम्हाला विचारलं की गोड मागणं कधी थांबलं. अंबिकेने सवयीने नेमाची हकीकत सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यात थांबली.

त्यांनी सांगितलं ते मला समजलं तसं सांगते. गोड खाल्लं की मेंदूत काही रसायनं हलतात, त्यातलं एक डोपामिन, आणि घडीभर बरं वाटतं. मन खचलेली काही माणसं म्हणून गोडाच्या मागे लागत असावीत. असावीत, असंच ते म्हणाले. सगळं पक्कं कळलंय असं नाही, आणि गूळ म्हणजे काही उदासीवरचं औषध नव्हे, महादेवच्या रक्ताला तर तो घातकच होता. तो बंद केला ते योग्य केलंत. पण आजार खोल गेला की काहींच्या मेंदूला सुखाची ओढच वाटेनाशी होते. खाणं, बोलणं, भांडणं, सगळ्याचीच. वरून बघणाऱ्याला वाटतं, माणूस शहाणा झाला. गोळ्या त्यांनी लिहून दिल्या, गुण यायला वेळ लागेल म्हणाले, आणि कुणाचा दोष नाही हे दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगितलं ते अंबिकेकडे बघून.

परतीच्या एस.टी.त महादेव खिडकीशी बसला होता. बाहेर बघत होता, पण काही दिसत असेल असं वाटत नव्हतं. दिवेआगरचा फाटा आला तेव्हा अंबिका माझ्या कानाशी म्हणाली, "वन्सं, मी पेढे वाटले हो."

मला तिथेच रडू फुटलं. मी रडणारी बाई नाही.

गोळ्या चालू आहेत. एकदा डॉक्टरांनी बदलूनही दिल्या. हल्ली त्याला झोप थोडी बरी लागते म्हणे. दाढी अंबिका न्हाव्याला घरी बोलावून करून घेते. नवी रोपं डोक्याच्या वर गेली आहेत, भागोजी एकटाच शिपणं करतो.

परवा दुपारी मी कढीलिंब मागायला मागच्या दाराने गेले. पडवीत महादेव खुर्चीत होता. त्याच्या समोर स्टुलावर गुळाची ढेप उघडी, शेजारी अडकित्ता. अडकित्त्याच्या पात्याला गूळ चिकटलेला, ताजा, आणि स्टुलावर दोन-तीन खडे पडलेले. माझ्या काळजात धस्स झालं ते आनंदाने. साखर वाढेल, डॉक्टर ओरडतील, कशाचं काही मला सुचलं नाही. मी आत धावले आणि अंबिकेचा दंड धरून म्हटलं, अगो, गूळ फोडलाय त्याने.

ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबवलं नाही.

"मीच फोडला," म्हणाली. "रोज दुपारी फोडते, यांच्या समोर बसून. देणार नाहीये मी. पण मागू देत एकदा."

मी विचारलं, मग, काही म्हणाला का?

"म्हणाले ना." तिने पोळी तव्यावर टाकली. "झाकून ठेव म्हणाले, मुंग्या येतील."