मेव्हण्याच्या बंगल्याचा उतार

बुडबुड्याला एक वाईट खोड होती. कुणाच्याही घरी गेला की "कसं काय" विचारायच्या आधी तो न्हाणीघरात डोकावायचा. मोरीचं पाणी कुठून जातं, कुठे तुंबतं हे पाहिल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. बायको शरमेने अर्धी व्हायची. तीस वर्षं गटारं घालून हा गवंडी माणसांपेक्षा मोऱ्या जास्त ओळखायला लागला होता. खिशात कायम सपाटी पाहायची वीतभर पाणसळ. तिच्या काचेतल्या बुडबुड्यावरूनच त्याला हे नाव पडलं होतं.

बायकोचा धाकटा भाऊ मोठ्या हुद्द्यावर. त्याने बंगला बांधायला काढला तेव्हा इंजिनिअरला विचारलं, रंगाऱ्याला विचारलं, माळ्याला विचारलं. दाजींना मात्र नाही. शेवटी बहिणीनेच तोंड सोडलं, "घरात हा माणूस असताना तू जगाला विचारत फिरतोस?" तेव्हा कुठे, बंगला जवळजवळ उभा राहिल्यावर, बोलावणं आलं.

मेव्हण्याने बागेचा नकाशा पसरला. त्यात हिरवळ होती, गुलाब होते, कारंजंसुद्धा होतं.

"आणि पाणी कुठे जाणार?" बुडबुड्याने विचारलं.

"जमिनीत जिरेल की, दाजी."

"जमिनीला विचारलंस?"

बंगल्यामागची जागा चढाची होती. बुडबुड्याने वर जाऊन दोन बादल्या पाणी ओतलं. पाणी गुलाबांसाठी खणलेल्या वाफ्यातून रमतगमत खाली आलं, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून आत शिरलं आणि नव्याकोऱ्या फ्रिजखाली जाऊन बसलं.

"बघ," बुडबुड्या म्हणाला, "आपलंच घर समजून आलंय."

मग मात्र मेव्हणा नरमला. दोन दिवस बुडबुड्या पातळी मोजायची, पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन बंगल्याभोवती रांगत होता आणि दहा फुटांना दोन इंच उतार धरून चुन्याने रेघा मारत होता. चढाकडचं पाणी अडवायला मागे आडवा चर, त्यात खडी. छताचं पाणी कोपऱ्यातल्या शोषखड्ड्यात. स्वयंपाकघराचं केळींना. कारंज्याची जागा त्याने न विचारताच खोडली.

अडलं ते पुढच्या दारात. तिथे मेव्हण्याला आरशासारखी गुळगुळीत फरशी हवी होती, एकदम सपाट. बुडबुड्याला हवी होती उताराची फरशी आणि पायरीपुढे लोखंडी जाळी.

"दारात गटाराची जाळी? लोक काय म्हणतील?"

"पाय कोरडे असले तर काही म्हणणार नाहीत."

मेव्हणा हटून बसला. बायकोने बुडबुड्याला असा चिमटा काढला की त्याने माघार घेऊन फरशी सपाट घातली. पाण्याच्या बाबतीत आयुष्यात पहिल्यांदाच त्याने कुणाची भीड धरली होती.

महिन्याभराने, एका रविवारी दुपारी फोन आला. मेव्हण्याने आपल्या साहेबांना चहाला बोलावलं होतं आणि ऐटीत बाग दाखवण्याच्या नादात पंप बंद करायचा राहिला होता. गच्चीवरची टाकी भरून कठड्याबाहेर वाहत होती.

"मागे?" बुडबुड्याने विचारलं.

"मागे एक थेंब नाही, दाजी."

"पुढे?"

पलीकडून आधी पाण्याचा आवाज आला, मग मेव्हण्याचा. "साहेब सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेत."

बुडबुड्या पोट धरून हसला. मग सायकल काढता काढता त्याला स्वतःचाच राग आला. मेव्हण्याला काय कळतं? पण आपल्याला कळत होतं ना!

तो पोचला तेव्हा साहेब पँट गुडघ्यापर्यंत दुमडून सुपलीने पाणी बाहेर लोटत होते आणि मेव्हणा "राहू द्या, साहेब" म्हणत त्यांच्या मागे मागे फिरत होता. गडबडीत अजून चालूच राहिलेला पंप बुडबुड्याने आधी बंद केला.

"ही फरशी कुणी घातली?" साहेबांनी विचारलं.

मेव्हण्याने दाजींकडे पाहिलं. बुडबुड्याने मान खाली घातली. "मी घातली. चूक माझीच. कुणाचं ऐकून पाणी वळत नाही, हे मला तरी ठाऊक असायला हवं होतं."

मेव्हण्याचा चेहरा पडला. "चूक माझी," तो पुटपुटला. "दाजी जाळी म्हणत होते."

दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्याने स्वतः छिन्नी घेतली. पहिल्या घावात फरशी, दुसऱ्यात स्वतःचा अंगठा. बुडबुड्याने छिन्नी काढून घेतली आणि त्याच्या हातात नळीचं दुसरं टोक दिलं.

"हलू नकोस," तो म्हणाला. "आणि बोलूही नकोस."