सर्व्हरवर काल शेवटी कोण बसलं होतं?

मंडळी, आज विश्रामबागच्या आमच्या कॉलेजात प्रॅक्टिकल परीक्षेला अर्धा तास उरला होता आणि लॅबच्या सर्व्हरवर, पोरं ज्यात प्रोग्राम लिहितात ते ज्युपिटर नोटबुक उघडेना. त्याला लागणाऱ्या दोन पायथन पॅकेजच्या, म्हणजे तयार कोडच्या गठ्ठ्यांच्या, आवृत्त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या.

मी पोरांवर खेकसले, "न विचारता अपडेट कुणी मारलं?"

लॅब सांभाळणारे वडूजचे तात्या माजी सैनिक. सर्व्हरवर कोण कधी बसलं ते वहीत लिहितात. त्यांनी वही उघडून पुढं धरली. "मॅडम, काल शेवटी तुमीच बसला व्हता."

खरंच. माझ्या कामासाठी मीच एक पॅकेज अपडेट केलं होतं. जुनी आवृत्ती परत टाकली, नोटबुक उघडलं, परीक्षा वेळेत सुरू झाली.

निघताना तात्यांनी विचारलं, "पोरांस्नी सांगितलं का?"

अजून नाही. मंडळी, तुम्ही सांगितलं असतं?