स्कॅनरवर शिंपडलेलं गंगाजल

बाबांचा डावा डोळा काचबिंदूने गेला आणि उजव्याला बारीक अक्षर दिसेना. त्यांची वास्तुशांतीची पोथी आजोबांनी हाताने लिहिलेली, सुट्या पानांची, अक्षर मोहरीएवढं. मूर्तिजापूरला एका घरी वाचताना त्यांची ओळ सुटली. यजमानांना कळलंही नाही, पण बाबा घरी येऊन म्हणाले, "आता बस. लोकाईच्या घरात चुकीचं म्हनायचं नाही."

छापील पोथी त्यांना नको होती. वडिलांचंच अक्षर हवं, नाहीतर भिक्षुकी बंद. हट्टी माणूस! मीही त्यांचीच लेक. पानं स्कॅन करून मोठी छापायची असं ठरवून अमरावतीहून लॅपटॉप आणि जुना स्कॅनर उचलला आणि अकोल्याला बाबांकडे गेले.

अट आधीच कळली. पोथीला सोवळ्याशिवाय हात लावायचा नाही, आणि घरातल्या मुलींनी तर कधीच नाही. पानं ते ठेवणार, मी फक्त बटणं दाबायची. मी हो म्हटलं, पण वाईट वाटलंच.

मी चहा करून येईपर्यंत सोवळ्याचा कद नेसलेल्या बाबांनी स्कॅनरच्या काचेवर गंगाजल शिंपडलेलं. आणि लॅपटॉपला स्कॅनर काही केल्या सापडेना.

"बाबा, मशीनवर पाणी टाकते का कोनी?"

"चार थेंब तं टाकले. कावून चिडून राहिली?"

लॅपटॉपवर लिनक्स ही प्रणाली होती, कारण या जुन्या स्कॅनरला दुसऱ्या प्रणालींत आता कुणी विचारत नाही. यूएसबीच्या यादीत त्याचं नाव दिसत होतं, म्हणजे जीव होता. स्कॅन करायला गेलं की मात्र 'स्कॅनर नाही'. शेवटी ॲडमिनचे अधिकार वापरून बघितलं, तर स्कॅनरचा दिवा लगेच सरकला. गंगाजल निर्दोष सुटलं.

"स्कॅनर चांगला आहे बाबा. मलेच त्याले हात लावायची परवानगी नाही."

"लॅपटॉप तुहाच न?"

"माहाच."

"मंग असा नियम कावून?"

"आधीपासून तसाच आहे. परवानगी असलेल्याईच्या गटात माहं नाव घातलं की झालं."

"मंग घाल न," बाबा म्हणाले आणि उगाच पोथीचं फडकं नीट करत बसले.

नाव घातलं. तरी नाहीच. लॉगआउट करायला विसरले होते, एवढंच. परत आत आले आणि दिवा सुरळीत सरकला. मला उड्या माराव्याशा वाटल्या.

बाबांनी पहिलं पान ठेवलं. तिरपं. त्यांना काचेची कडा दिसत नव्हती. पुन्हा ठेवलं, तर खालच्या दोन ओळी कापल्या गेल्या. तिसऱ्यांदा ते पान हातात धरून नुसतेच उभे राहिले.

मग त्यांनी सगळी पानं एकत्र केली.

"हात धुतले?"

"धुतले."

"घे मंग. तुले दिसते."

मी दोन्ही हातांनी पोथी घेतली. जन्मभर लांबूनच बघितलेली. ती इतकी हलकी असेल असं मला वाटलंच नव्हतं.